दोघांची उन्हाळी रोड ट्रिप, ज्वालामुखींच्या वाटेने: लासन ते यलोस्टोन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून निघायचं, कॅलिफोर्नियातलं लासन आणि लाव्हा बेड्स, ऑरेगनमधलं क्रेटर लेक आणि न्यूबेरी, आयडाहोतलं क्रेटर्स ऑफ द मून असं करत वायोमिंगमधलं यलोस्टोन गाठायचं आणि नेवाडातून घरी परतायचं. आम्हा नवरा-बायकोची ही उन्हाळ्यातली ट्रिप. ती झाल्यापासून ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतं आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. ज्यांना फक्त खाण्यापिण्याचं वाचायचं आहे त्यांनी सरळ खाली जावं, तो भाग मोठा आहे.

इतकी नॅशनल पार्कं असताना ज्वालामुखीच का? योसेमिटी, झायन, ग्रँड कॅनियन का नाही?

ती पार्कं सुंदरच आहेत. पण एका सुट्टीत चार दिशांची चार पार्कं कोंबली की घरी आल्यावर फोटो बघून "हे कुठलं रे?" असं एकमेकांना विचारायची वेळ येते. एक धागा धरला की तसं होत नाही. लासनला जे बघितलं त्यामुळे क्रेटर लेक कळतं, आणि क्रेटर्स ऑफ द मून पाहून गेलं की यलोस्टोनला पायाखाली काय चाललंय याचा अंदाज येतो.

या वाटेवर ज्वालामुखींची दोन वेगवेगळी घराणी भेटतात. पहिलं कॅस्केड पर्वतरांगेचं. पॅसिफिकच्या तळाची जमीन, उत्तर कॅलिफोर्नियापाशी गोर्डा प्लेट आणि तिच्या उत्तरेला हुआन द फूका प्लेट, अमेरिका खंडाखाली सरकते. तिच्यातलं पाणी खोलवर बाहेर पडतं, त्यामुळे वरचा खडक वितळतो आणि किनाऱ्याला समांतर ज्वालामुखींची रांग उभी राहते. लासन, शास्ता, मझामा, हूड, सेंट हेलेन्स ही सगळी त्याच घराण्यातली.

दुसरं घराणं यलोस्टोनचं. तिथे खोलातून वर येणारा उष्णतेचा झोत जागच्या जागी आहे आणि वरचा खंड वर्षाला साधारण अडीच सेंटिमीटर नैर्ऋत्येकडे सरकतो आहे. त्यामुळे गेल्या सोळा-सतरा दशलक्ष वर्षांत उद्रेकांच्या जागा नेवाडा-ऑरेगन सीमेपासून ईशान्येकडे सरकत सरकत यलोस्टोनला पोचल्या. आयडाहोतून गाडी हाकताना आपण त्याच वाटेने जात असतो. आपला दख्खनचा काळा कातळही याच जातीच्या झोतातून आला, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. तो झोत आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ही ट्रिप जरा जास्तच आवडते, ती त्यामुळेच.

किती दिवस लागतात?

दोन शनिवार-रविवार धरून दहा दिवस ही खालची मर्यादा. बारा-तेरा मिळाले तर उत्तम. आठवड्याभराचीच सुट्टी असेल तर यलोस्टोन सोडा आणि फक्त लासन, लाव्हा बेड्स, क्रेटर लेक, न्यूबेरी करून या. "इतक्या लांब गेलोच आहोत तर टीटनही उरकू" असं मनात येईल, पण यलोस्टोनशेजारच्या ग्रँड टीटनचे डोंगर ज्वालामुखीचे नाहीतच, ते जमीन फाटून वर उचलले गेलेले आहेत. त्यांच्यासाठी वेगळी सुट्टी काढा.

कोणता महिना चांगला?

जुलैचे मधले दोन आठवडे. जूनमध्ये जाल तर अर्धे रस्ते बर्फाखाली असतात. लासन पार्कातला हायवे ८,५१२ फुटांपर्यंत चढतो. बर्फ भरपूर पडलेल्या वर्षी तो जुलै उजाडेपर्यंत पूर्ण उघडत नाही. क्रेटर लेकला वर्षाला सरासरी ४० फुटांहून जास्त बर्फ पडतं. तळ्याभोवतीचा ३३ मैलांचा रिम ड्राइव्ह पूर्ण मोकळा व्हायला बहुधा जुलै लागतो.

ऑगस्टचा त्रास वेगळा. वणवे आणि त्यांचा धूर. धूर आला की क्रेटर लेकचा समोरचा काठसुद्धा दिसत नाही. लासनमध्ये २०२१ च्या डिक्सी वणव्याने पार्काचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग होरपळला. काळे खांब होऊन उभी राहिलेली झाडं मैलोन्मैल दिसतात. त्यांच्या बुंध्याशी आता झुडपं आणि रानफुलं आहेत. जुलैच्या सुरुवातीला डास फार असतात, फवारा सोबत ठेवाच. मुलांच्या शाळेचं बंधन नसलेल्या जोडप्यांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतरचा विचार करायला हरकत नाही. गर्दी ओसरलेली असते, फक्त धुराची चौकशी करून निघा.

लासनचं तर नावही ऐकलेलं नाही. तिथे थांबण्यासारखं काय आहे?

या ट्रिपमधलं माझं सर्वांत आवडतं पार्क हेच. बे एरियापासून चार-साडेचार तासांवर असूनही तिथे गर्दी नसते. ढाल, शंकू, राखेची टेकडी आणि घुमट अशा चारही प्रकारचे ज्वालामुखी एका पार्कात बघायला मिळतात. ज्वालामुखींची बाराखडी इथे गिरवून पुढे जावं, म्हणून हे पहिलं.

लासन शिखर १०,४५७ फूट उंच आहे. ते चिकट लाव्हाचा घुमट आहे. असा लाव्हा वाहत नाही, तोंडाशीच साचून राहतो. मे १९१४ मध्ये ते जागं झालं आणि २२ मे १९१५ ला मोठा स्फोट झाला. राख नेवाडापर्यंत जाऊन पडली. बी. एफ. लूमिस नावाच्या स्थानिक माणसाने १९१४ चे उद्रेक काचेच्या प्लेटांवर टिपले होते. मन्झनीटा लेकपाशी त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. १९१६ साली हे नॅशनल पार्क झालं तेव्हा डोंगर अजून धुमसतच होता. अलास्का आणि हवाई वगळलेल्या अमेरिकेत विसाव्या शतकात दोनच ज्वालामुखींचे मोठे उद्रेक झाले, एक हा आणि दुसरा १९८० चा सेंट हेलेन्स.

शिखराची वाट जाऊन-येऊन पाच मैल आणि चढ साधारण दोन हजार फुटांचा. कळसूबाई केलेल्याला अंतराचं काही वाटणार नाही, पण हवा विरळ असते आणि पायाखाली भुसभुशीत दगड. पहाटे निघा. वर सावली नाही, दुपारी वीज पडण्याचा धोका असतो.

एवढा चढ नको असेल तर बंपस हेल. वाट सोपी, जाऊन-येऊन तीन मैल. वळणावरून खाली बघितलं की आधी आवाज येतो, बॉयलर सुटल्यासारखा सततचा फुत्कार. मग वास. सडक्या अंड्यांचा तो वास गंधकाच्या वायूचा, कपड्यांत रात्रीपर्यंत राहतो. खाली पांढऱ्या-पिवळ्या मातीत राखाडी चिखल रटरटत असतो. एक बुडबुडा फुगतो, फुटतो, तोच दुसरा. इथल्या 'बिग बॉयलर' नावाच्या वाफेच्या तोंडाशी १९८८ मध्ये १६१ अंश सेल्सिअस तापमान मोजलं गेलं होतं. शांतपणे धुमसणाऱ्या ज्वालामुखीच्या मानाने हे फारच जास्त आहे.

उकळत्या पाण्याजवळ कितपत धोका असतो?

फळ्यांच्या वाटेवर राहिलात तर जवळजवळ नाही. खाली उतरलात तर जिवावर बेतू शकतं. बंपस हेल हे नावच मुळी केंडल बंपस या माणसावरून पडलं. १८६० च्या दशकात तो इथे वरचा पातळ पापुद्रा फुटून उकळत्या चिखलात पडला. भाजलेला पाय पुढे कापावा लागला. यलोस्टोनमध्ये नैसर्गिक कारणांनी जितके लोक जखमी होतात किंवा मरतात त्यांत गरम पाण्याच्या झऱ्यांचा वाटा इतर कशाहीपेक्षा मोठा आहे. अस्वलांपेक्षाही. तरी दरवर्षी कुणीतरी सेल्फीसाठी कुंपण ओलांडतंच. लहान मूल बरोबर असेल तर हात सोडायचा नाही.

लाव्हा बेड्सच्या गुहांत काय असतं? भीती नाही वाटत?

लाव्हाच्या नळ्या असतात. वाहता लाव्हा वरून थिजतो, आतला पुढे निघून जातो आणि मागे पोकळ बोगदा राहतो. इथे अशा आठशेहून जास्त गुहा आहेत. अजिंठा-वेरूळ आठवू नका, तिथे माणसाने बेसॉल्ट कोरला, इथे तो आपणच पोकळ झाला. मशपॉट ही एकच गुहा दिव्यांनी उजळलेली आहे, सुरुवात तिथून करा. नंतर व्हॅलेंटाइन केव्हला जा, छत उंच आहे आणि चालायला सोपी. आत गेल्यावर दोघांनी विजेऱ्या मिनिटभर बंद करून बघा. इतका पक्का काळोख शहरात कधी मिळत नाही.

माणशी दोन विजेऱ्या, डोक्याला हेल्मेट आणि जाकीट लागतं. बाहेर पस्तीस अंश असले तरी आत थंडी वाजते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. वटवाघळांना एका बुरशीचा जीवघेणा आजार होतो आणि ती बुरशी माणसांच्या बुटा-कपड्यांवरून एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाते. त्यामुळे गुहेत जाण्याआधी तुम्हाला विचारतात, याआधी कुठल्या गुहेत होता आणि अंगावर काय होतं. लाव्हा बेड्समध्ये घातलेले बूट, कपडे, विजेऱ्या क्रेटर्स ऑफ द मूनच्या गुहांत चालत नाहीत. बुटांचा दुसरा जोड आणि कपड्यांचा वेगळा संच निघतानाच पिशवीत बांधून ठेवा.

आणि तिथे गेल्यावर फक्त गुहा बघून निघू नका. याच खडबडीत लाव्हात १८७२-७३ मध्ये इथल्या मूळनिवासी मोडॉक लोकांनी अमेरिकेच्या लष्कराला महिनोन्महिने झुंजवलं. किंटपुआश, ज्याला गोरे लोक कॅप्टन जॅक म्हणत, त्याच्याकडे साठेक लढवय्ये होते आणि समोर कित्येक पटींनी सैन्य. त्याच्या ठाण्यातून फिरायची पायवाट आहे. काळ्या खडकातल्या त्या अरुंद भेगांतून चाललं की गनिमी कावा म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शेवट वाईट झाला. ऑक्टोबर १८७३ मध्ये किंटपुआशला फाशी दिलं आणि उरलेल्या मोडॉकांना दूर ओक्लाहोमात नेऊन टाकलं.

क्रेटर लेक म्हणजे आपलं लोणारच ना?

नाही, पण हा प्रश्न सगळेच विचारतात. लोणार हे उल्का आदळून झालेलं विवर, जेमतेम १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्टमध्ये पडलेलं. पाणी खारं. क्रेटर लेकच्या जागी माउंट मझामा नावाचा उंच ज्वालामुखी होता. साधारण ७,७०० वर्षांपूर्वी तो इतका प्रचंड फुटला की पोट रिकामं झालं आणि डोंगरच आत कोसळला. उरलेल्या आठ-दहा किलोमीटर रुंदीच्या खळग्यात पाऊस आणि वितळलेलं बर्फ साठत गेलं. एकही नदी त्यात येत नाही, त्यातून जात नाही. खोली १,९४३ फूट, अमेरिकेतलं सर्वांत खोल तळं. पाणी इतकं स्वच्छ आणि खोल की प्रकाशातला तांबडा भाग शोषला जातो आणि निळा तेवढा परत येतो. तो निळा रंग फोटोत कधीही खरा उतरत नाही. आमच्याकडचे सगळे फोटो खोटे वाटतात.

इथल्या मूळनिवासी क्लॅमथ लोकांच्या कथेत पाताळाचा राजा लाओ आणि वरच्या जगाचा स्केल यांचं युद्ध होतं आणि शेवटी लाओचा डोंगर कोसळतो. ही नुसती दंतकथा नसावी, कारण माणसं तेव्हा इथे होतीच. इथून बेंड शहराकडे जाताना ३१ नंबरच्या रस्त्याकडे वाकडी वाट केली की फोर्ट रॉक लागतो. तिथल्या गुहेत १९३८ साली लूथर क्रेसमन यांना सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीच्या विणलेल्या चपला सापडल्या, मझामाच्या राखेच्या थराखाली. नऊ हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या. चपला आता युजीनच्या विद्यापीठ संग्रहालयात आहेत, पण फोर्ट रॉकचा खडक स्वतःच बघण्यासारखा आहे. एका जुन्या तळ्यात ज्वालामुखी फुटून झालेलं ते राखेच्या खडकाचं कडं आहे.

तळ्याच्या पाण्यापर्यंत उतरता येतं का?

पाण्यापर्यंत जाणारी क्लीटवुड कोव्ह ही एकच वाट. ती दुरुस्तीसाठी २०२६ पासून काही उन्हाळे बंद आहे, त्यामुळे पोहणं आणि तळ्यातल्या विझर्ड आयलंड बेटाची बोट दोन्ही नाही. वाईट वाटून घेऊ नका. काठावरून जे दिसतं तेच मुख्य आहे. सूर्योदयाला उठा, वारा नसतो. दुपारी पिनॅकल्स बघून या. गरम राखेतून वाफा वर येत होत्या त्या नळ्या टणक झाल्या आणि बाजूची राख वाहून गेल्यावर सुळके उरले. बहुतेक गाड्या त्या फाट्याकडे वळतच नाहीत.

क्रेटर लेक ते यलोस्टोन, मधला लांब पट्टा कंटाळवाणा आहे का?

बेंडपर्यंत नाही. बेंडजवळच्या न्यूबेरी ज्वालामुखीत ऑब्सिडियनचा, म्हणजे काळ्या नैसर्गिक काचेचा, प्रवाह आहे. वय फक्त तेराशे वर्षं. लोखंडी जिन्याने वर चढून त्यातून चालता येतं. ऊन पडलं की सगळा उतार चकाकतो. पूर्ण पायाचे बूट घाला, कडा वस्तऱ्यासारख्या धारदार असतात. सँडलवर आलेली मंडळी अर्ध्यातून परत फिरताना दिसतात.

बेंडच्या पुढे मात्र २० नंबरचा हायवे. बर्न्सपर्यंत १३० मैल, वाटेत जवळजवळ काही नाही. पेट्रोलची टाकी बेंडलाच भरा. फोनला रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून ठेवा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर हा टप्पा नीट आखा. चार्जर आहेत, पण एक बंद निघाला तर पुढचा फार लांब असतो. आम्ही पेट्रोलचीच गाडी नेली आणि पुन्हा गेलो तरी तीच नेऊ. ऑरेगनचा पूर्व टोकाचा बराच भाग माउंटन वेळेवर चालतो, त्यामुळे राज्य ओलांडण्याआधीच घड्याळ एक तास पुढे जातं. हॉटेलच्या चेक-इनचा हिशोब तसा करा. एका दिवसात बॉइझीच्या पुढे जायचा हट्ट धरू नका.

क्रेटर्स ऑफ द मूनला काय, नुसते काळे दगडच ना?

हो, काळे दगडच. आणि ते बघायलाच जायचं. सह्याद्रीतल्या कातळाचं वय साडेसहा कोटी वर्षांहून जास्त. त्यावर पाऊस, झाडं, माणसं यांनी इतकं काम केलंय की तो कधी वाहत होता यावर विश्वास बसत नाही. इथला शेवटचा लाव्हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांच्या काळातला. पिळलेल्या सुंभासारख्या त्याच्या वळ्या अजून तशाच आहेत, बोट फिरवलं की वळी न् वळी हाताला लागते. जवळून बघा, काही ठिकाणी वरच्या साईला निळसर झाक असते.

जमिनीत बावन्न मैल लांबीची फट पडली आणि तिच्यातून हा लाव्हा वेळोवेळी वर आला. १९२४ साली राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी हे राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. ऑगस्ट १९६९ मध्ये ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल, जीन सर्नन आणि जो एंगल हे अंतराळवीर इथे खडक ओळखायला शिकायला आले होते. सात मैलांचा गाडीरस्ता अर्ध्या दिवसात होतो. इन्फर्नो कोनवर चढा, चढ छोटा पण दमछाक करणारा. गुहांसाठी मोफत परवाना लागतो, आणि वर सांगितलेले वेगळे बूट.

दुपारी बारा ते चार तिथे उभं राहवत नाही, काळा दगड तापतो. जेवायला आणि मुक्कामाला आर्को गाव. १९५५ साली अणुऊर्जेवर उजळलेलं हे जगातलं पहिलं गाव. अणुभट्टीचं संग्रहालय गावाच्या पूर्वेला आहे, उन्हाळ्यात उघडं असतं.

यलोस्टोनमध्ये काय बघायचं आणि काय सोडायचं?

पार्कातला आठच्या आकड्यासारखा मुख्य रस्ता १४२ मैलांचा आहे. लोक तो एका दिवसात "मारतात" आणि दहा ठिकाणी गाडी लावायला जागा शोधत बसतात. त्यापेक्षा एक पूर्ण दिवस फक्त अप्पर गीझर बेसिनला, म्हणजे उसळत्या गरम पाण्याच्या कारंज्यांच्या परिसराला द्या. त्यातलं ओल्ड फेथफुल हे कारंजं दीड-एक तासाने उडतं, ते बघून नव्वद टक्के लोक पार्किंगकडे वळतात. तुम्ही उलट दिशेला चालू लागा. व्हिजिटर सेंटरमध्ये ग्रँड, कॅसल, डेझी, रिव्हरसाइड या कारंज्यांच्या अंदाजे वेळा लावलेल्या असतात. रिव्हरसाइडचं पाणी कमान करून नदीवर पडतं. ग्रँडसाठी तास-दीड तास बाकावर बसावं लागतं. तिथे वही-घड्याळ घेऊन बसलेली हौशी मंडळी भेटतील, त्यांना विचारा, आनंदाने सांगतात.

ग्रँड प्रिझमॅटिक हा रंगीत गरम झरा वरून बघायचा. फेअरी फॉल्सच्या वाटेवर जेमतेम पाऊण मैलावर टेकाड आहे. मधला निळा रंग खोल, स्वच्छ पाण्याचा आणि कडेचे पिवळे-केशरी पट्टे वेगवेगळ्या तापमानाला राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. याच भागातल्या गरम झऱ्यात थॉमस ब्रॉक यांना १९६६ मध्ये जो जिवाणू मिळाला, त्याच्या विकरावर (एन्झाइमवर) पुढे पीसीआर चाचणी उभी राहिली. करोनात पीसीआरसाठी नाकात काडी घालून घेतलेल्या प्रत्येकाचं त्या झऱ्याशी नातं आहे.

तिसरी गोष्ट, यलोस्टोन नदीची घळ आणि तिचा ३०८ फुटी धबधबा. टॉवर फॉलच्या आसपास समोरच्या कड्यात बेसॉल्टचे सहाकोनी खांब दिसतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल बघितली असेल तर लगेच ओळखू येतील. मॅमथ हॉट स्प्रिंग्जच्या, गरम झऱ्यांनी घडवलेल्या पायऱ्या वेळ उरला तर.

आणि आपण तिथे असताना तो महाज्वालामुखी फुटला तर?

यलोस्टोनचा शेवटचा महाउद्रेक साधारण ६,४०,००० वर्षांपूर्वीचा. तसाच उद्रेक येत्या वर्षात होण्याची शक्यता अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण ७,३०,००० मध्ये एक इतकी धरतं. "आता वेळ झालीच आहे" ही यूट्यूबवरची बडबड. खरा धोका छोट्या स्फोटांचा असतो. २३ जुलै २०२४ ला बिस्किट बेसिनमध्ये जमिनीखालच्या पाण्याची एकदम वाफ झाली, दगड-चिखल उडाला, फळ्यांची वाट मोडली आणि लोक धावत सुटले. कुणाला इजा झाली नाही. एखादा भाग बंद आहे अशी पाटी दिसली तर रेंजरशी हुज्जत न घालता परत फिरा.

राहायचं कुठे?

यलोस्टोनच्या आतली लॉज साधारण वर्षभर आधी भरतात. न मिळाल्यास पार्काच्या वेशीवरची वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर ही गावं. कॅम्पग्राउंडचं बुकिंग बहुधा सहा महिने आधी उघडतं. लासनला मन्झनीटा लेकचा तंबूतळ अप्रतिम आहे आणि अंघोळीची सोय आहे. दोन रात्री तंबू, तिसरी मोटेल, कपडे धुऊन घ्यायचे, असा आमचा नेम होता. सलग तंबूत राहण्याची हौस चौथ्या दिवशी फिटते.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

घरून न्यायचं. आडबाजूच्या गावांत शाकाहारी म्हणजे ग्रिल्ड चीज, फ्रेंच फ्राइज आणि सॅलडच्या नावाखाली लेट्यूस. पहिल्या दोन दिवसांसाठी थेपले किंवा दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ-तुपाचे लाडू. पुढच्यासाठी कोरडा शिधा. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, पोहे, भाजून ठेवलेला रवा, गोडा मसाला, लोणच्याची छोटी बरणी. तूप एका घट्ट झाकणाच्या डब्यात. बर्फाच्या पेटीत दही, लिंबं, मिरच्या, कोथिंबीर. आर्कोच्या बाहेर बाकावर बसून कांदेपोहे खाताना शेजारच्या ट्रकवाल्याने वाटी पुढे केली होती.

लहान कुकर न्याच, ही माझी हट्टाची सूचना आहे. आठ हजार फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी टचटचीत राहते. कुकर असेल तर खिचडी वीस मिनिटांत. शेजारच्या तंबूतले लोक पहिल्या शिट्टीला दचकतात, त्यांना आधी सांगून ठेवा. वणव्यांमुळे लाकडाच्या शेकोटीवर बंदी येते, म्हणून गॅसचा स्टोव्ह घ्या.

अस्वलांचे नियम कडक आहेत. फोडणीचा वास आलेलं पातेलं, टूथपेस्ट, साबण, अगदी च्युइंगमसुद्धा तंबूत ठेवायचं नाही. सगळं लोखंडी पेटीत. यलोस्टोनमध्ये ग्रिझली आहेत, म्हणून पायवाटेवर अस्वलाचा स्प्रे हाताशी हवा, बॅगेच्या तळाशी नव्हे. अस्वल-लांडग्यांपासून शंभर यार्ड, बाकी जनावरांपासून पंचवीस. बायसन (अमेरिकेतला गवा) दिसायला गरीब, पण धावायला लागला की माणूस त्याच्यापुढे टिकत नाही.

इतके दिवस गाडीत दोघंच. भांडणं नाही होत?

होतात की. बहुतेक भुकेमुळे आणि रस्त्यामुळे. आमचा नियम साधा आहे, जो चालवतो तो गाणी निवडतो आणि शेजारचा रस्ता सांगतो, चालवण्यावर शेरे मारत नाही. दोन तासांनी अदलाबदल. आवडी वेगळ्या असतील तर रोज एक-दोन तास वेगळे काढा. नवऱ्याला लासन शिखरावर जायचं होतं आणि मला लूमिसचे जुने फोटो निवांत बघायचे होते, तेव्हा आम्ही तसंच केलं. जेवायच्या वेळी दोघांकडेही सांगायला काहीतरी होतं.

आई-बाबा भारतातून आलेले असतील तर?

अख्खी ट्रिप नको. क्रेटर लेक आणि यलोस्टोन गाडीतून आणि फळ्यांच्या सपाट वाटांवरून छान होतं. शिखर आणि गुहा सोडा. पहिल्या रात्री उंचीवर मुक्काम करू नका. रक्तदाबाच्या, हृदयाच्या औषधांबद्दल आधीच डॉक्टरांना विचारा. स्वच्छतागृहं जागोजागी आहेत, पण बरीच पाण्याविना असतात, हे त्यांना आधी सांगितलेलं बरं.

पासचं काय?

अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलरला मिळतो आणि या वाटेवरच्या सगळ्या ठिकाणी चालतो, न्यूबेरीसकट. अमेरिकेचं सरकारी फोटो ओळखपत्र जवळ ठेवा. २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे. तो नसेल तर यलोस्टोन धरून अकरा पार्कांत सोळा आणि त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला नेहमीच्या शुल्कावर १०० डॉलर जादा पडतात. लासन आणि क्रेटर लेक त्या यादीत नाहीत. आई-बाबांना नेणार असाल तर निघण्याआधी पार्कच्या अधिकृत साइटवर ताजे नियम वाचा.

एखादा छोटा दगड आठवण म्हणून आणला तर?

नाही. ऑब्सिडियनचा नखाएवढा तुकडाही नाही, दंड होतो. ड्रोनही नाही.

परतताना कुठून यावं?

ट्विन फॉल्सवरून नेवाडात उतरा आणि ८० नंबर धरा. वेस्ट यलोस्टोन ते बे एरिया गाडीत पंधरा-एक तास होतात, त्यामुळे एल्को किंवा विनेमकाला मुक्काम हवाच. विनेमकाच्या उत्तरेला राज्याच्या सीमेवर मॅकडर्मिट नावाचा जुना खळगा आहे. यलोस्टोनच्या झोताचे सुरुवातीचे उद्रेक तिथले. बघायला मुद्दाम जाऊ नका, वाकडी वाट लांबची आहे आणि तोवर घरची ओढ लागलेली असते. ट्रकीवरून उतरताना रविवारी संध्याकाळी ताहोची सगळी गर्दी अंगावर येते, म्हणून घरी पोचायचा दिवस शनिवार ठेवा. रविवार गाडी धुण्यात जातो. लाव्हाची काळी भुकटी सीटच्या खाचांतून निघता निघत नाही.